बाबांच्या नावाने आलेलं पोस्टकार्ड

रामबागवाला | शनिवार, रात्री १०:४०

गेल्या मंगळवारी दुपारी पोस्टमनने दारातून हाक मारली आणि एक पोस्टकार्ड हातात ठेवलं. बाबांच्या नावाने. बाबा जाऊन दोन महिने झाले. अनंत चतुर्दशीच्या झांक्या रात्रभर फिरून परतत होत्या, तेव्हा पहाटे गेले. (इंदूरबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे विसर्जनाच्या रात्री कापडगिरण्यांच्या झांक्या, म्हणजे गाड्यांवर सजवलेले देखावे, निघतात. गिरण्या बंद पडून जमाना झाला, झांक्या अजून निघतात.)

कार्डावर एवढंच होतं:

"ती. काकांस शि. सा. न. दोन कार्डांना उत्तर नाही. गुडघा की डोळा? बडोद्यात अजून पंखा लागतो. ५७७. - हजारे"

आता हे काय प्रकरण आहे ते सांगतो, जरा लांबेल.

बाबा गिरणीत टाइम ऑफिसात होते. हजेरी, पाळ्या, उशिरा आलेल्यांचे अर्धे दिवस, असलं काम. जन्म १९४१चा. इंदूरचा होळकर क्रिकेट संघ रणजी करंडकात पहिल्यांदा उतरला तो त्याच मोसमात, त्यामुळे "मी आणि होळकर एका वयाचे" हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद नाही. संघ १९५५ साली संपला, बाबांचं होळकरप्रेम नाही संपलं. चार वेळा रणजी जिंकली आपण, असं म्हणायचे. आपण!

आमच्या गल्लीतली सहा-सात पोरं संध्याकाळी आमच्या ओटल्यावर पडलेली असायची आणि बाबांनी प्रत्येकाला होळकरांच्या संघातलं नाव दिलं होतं. उंच फटके मारणारा सी.के. (नायडू). क्रीज सोडून पुढे धावत सुटणारा मुश्ताक (अली). शेवटी खेळायला येऊन आऊटच न होणारा सरवटे. १९४६ साली इंग्लंडात दहाव्या-अकराव्या नंबरच्या दोघांनी २४९ धावा जोडल्या, त्यातले आमचे चंदू सरवटे, म्हणून. मी बारावा गडी. स्वतःच्या मुलाला बारावा! मी एकदा रडून विचारलं तर म्हणाले, "बाराव्याला संघाबाहेर कुणी काढू शकत नाही रे."

आमच्यातल्या मुश्ताकच्या वडिलांची १९८६ साली बडोद्याला बदली झाली. आम्ही सगळे त्याला इंदूरच्या बस स्टँडवर सोडायला गेलो. बाबांनी खिशातून पोस्टकार्डांचा गठ्ठा काढला. पंधरा पैशांची कार्डं, बरोबर बारा, आणि प्रत्येकावर आमचा पत्ता आधीच लिहिलेला, पिनकोडाच्या सहा चौकोनांसकट. म्हणाले, "महिन्याला एक. पत्ता माझा, मजकूर तुझा." पहिलं कार्ड आलं त्याला बाबांनी उत्तर लिहिलं ते "चि. गद्दार हजारे यास" असं. बडोद्याला गेला ना, मग मुश्ताक कसा राहील? तेव्हापासून तो हजारे. बाबांच्या कार्डाच्या शेवटी "होळकर ४" आणि त्याच्या कार्डाच्या शेवटी "५७७". कधी चुकलं नाही.

मी नववीपर्यंत लिहिली कार्डं. मग कंटाळलो. बाबा लिहीत राहिले.

आता अडचण. मी आणि हजारे २०१३ पासून बोलत नाही. आम्ही दोघांनी मिळून धंदा काढला होता, इंदुरातून लौंगी शेव आणि मिक्स्चर मी पाठवायचं, तिकडे त्याने दुकानांना घालायचं. दोन वर्षं बरं चाललं. मग एका पावसाळ्यात माल खवट निघाला, अर्धा परत आला. अडतीस हजार कुणी सोसायचे यावरून फोनवर आम्ही एकमेकांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कार्ड आल्यावर बाबांचं कपाट उघडलं. औषधांच्या डब्याखाली मिठाईच्या खोक्यात हजारेची ६१ कार्डं, सगळी भांडणानंतरची. बाबांनी मला कधी सांगितलं नाही. एका रात्रीत सगळी वाचली. भांडणाचा एक शब्द नाही. गुडघे, पोरांच्या परीक्षा, बडोद्याचा पाऊस, क्रिकेट. मी माझं नाव शोधत होतो हे कबूल करतो. २०१९च्या एका कार्डावर सापडलं: "बाराव्याला म्हणावं, मीठ कमी कर." म्हणजे माझी बीपीची गोळी सुरू झाल्याचं बाबांनी त्याला कळवलं होतं.

काय लिहू त्याला? आणि तुमच्यापैकी कुणाचे वडील असे होते का, म्हणजे तुमच्या मैत्र्या जणू आपल्याच नोकरीचा भाग असल्यासारख्या सांभाळणारे?

---

सुरसागरकाठी | शनिवार, रात्री ११:१५

बडोद्याहून लिहितेय, त्यामुळे आधी ५७७चं सांगते, इतरांना कळायला हवं. मार्च १९४७, रणजीचा अंतिम सामना, बडोदे विरुद्ध होळकर. विजय हजारे २८८, गुल महंमद ३१९, चौथ्या विकेटला ५७७. कुठल्याही विकेटची ती जगातली सर्वांत मोठी भागीदारी होती, ५९ वर्षं टिकली. होळकर एक डाव आणि ४०९ धावांनी हरले. आमच्या घरात माझे आजोबा जेवताना आमटी वाढून घेतली की "पाचशे सत्त्याहत्तर" म्हणायचे, म्हणजे पुरे. तुमचे बाबा वर्षानुवर्षं दर महिन्याला ही जखम घरपोच मागवून घेत होते, दंडवत!

आता दुसरं. दादा, तुम्ही त्याला निधन कळवलंच नाहीत? दोन महिने? काय लिहू म्हणून इथे विचारत बसला आहात, तिकडे तो माणूस गुडघा की डोळा विचारतोय. उद्या सकाळी पहिलं काम हे करा. बाकीचं शेवेचं नंतर.

---

रामबागवाला | शनिवार, रात्री ११:३२

बरोबर आहे. लाज वाटते आहे. नातेवाइकांची यादी बाबांच्याच वहीतून काढली होती, त्यात हजारे नव्हता. वही नातेवाइकांची होती, पोरांची वही वेगळी असणार हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

---

पावणेपाच | रविवार, सकाळी ७:०५

धागा वाचून झोप उडाली म्हणून लिहितो. आमच्या घरी मित्र म्हणजे फाटकापर्यंत. वडील वाईट नव्हते, सरकारी नोकरी, सचोटीचे, पण घरात कुणी आलेलं आवडायचं नाही. मित्राने हाक मारली की मला आधी खिडकीतून बघून "काय काम आहे?" विचारावं लागे. काम! दहा वर्षांच्या मुलाचं काय काम असतं. परिणाम असा की आज पंचावन्नाव्या वर्षी माझ्या घरी कुणी अचानक आलं तर पहिल्यांदा माझ्याही तोंडून तेच निघतं. बायको चिडते.

तुमच्या बाबांसारखी माणसं वाचायला गोड वाटतात. हेवा वाटला एवढंच.

---

लष्करवाली | रविवार, सकाळी ९:२०

ग्वाल्हेरची मी, तिथल्या लष्कर भागातली. माझे वडील गाण्याचे वेडे आणि मी मुलगी, म्हणजे काळ १९७०-७५चा, मैत्रिणींना रात्री घराबाहेर कोण सोडणार? तानसेन समारोह डिसेंबरात, रात्र रात्र चालायचा, आणि ग्वाल्हेरची डिसेंबरातली थंडी तुम्हाला सांगायला नको. अप्पा आदल्या आठवड्यात माझ्या चारही मैत्रिणींच्या घरी स्वतः जायचे. चहा घ्यायचे, मुलीच्या वडिलांशी माधव संगीत महाविद्यालयाच्या गोष्टी काढायचे, भातखंड्यांनी १९१८ साली ते काढलं तिथून सुरुवात. समोरचा कंटाळून "न्या हो मुलीला" म्हणायचा. मी तर म्हणेन होकार मिळवायची हीच त्यांची युक्ती होती!

मग टांग्यात आम्ही पाचजणी, दोन गोधड्या, गजकाचा पुडा आणि अप्पा पुढे टांगेवाल्याशेजारी. तानसेनच्या समाधीपाशी चिंचेचं झाड आहे, त्याची पानं खाल्ली की गळा सुरेल होतो म्हणतात. अप्पांनी आम्हा सगळ्यांना पानं चघळायला लावली होती. आमच्यातली एकही गायला लागली नाही. पण त्या चौघींपैकी तिघी अजून मला सकाळी फोन करतात.

एक सांगायचं राहिलं. चौथीचं लग्न झालं ते घर तिला मैत्रिणींशी बोलू देत नव्हतं. अप्पा तिच्या सासरी वर्षातून एकदा संक्रांतीला तिळगूळ घेऊन जायचे, माझ्या नावाने. आत कुणी नीट बोलवायचं नाही. ओसरीवर बसून, तिळगूळ देऊन, तिला डोळ्यांनी बघून परत. ते गेल्यावर ते कुणी केलं नाही. मीही नाही.

---

तिखटमीठ | रविवार, सकाळी ११:४८

सगळ्यांचे बाबा थोर आहेत, मान्य. एक बारीकसा प्रश्न. सहा-सात पोरं रोज ओटल्यावर, ठीक. खायला कोण घालत होतं? कांदे कोण चिरत होतं? आमच्याकडेही वडील दिलदार म्हणून प्रसिद्ध. "अरे बसा रे, जेवूनच जा" हे वाक्य त्यांचं आणि आत चुलीपुढे पुन्हा कणीक भिजवणारी आई. श्रद्धांजलीत मात्र दिलदार कोण होतं ते ठरलेलं.

रामबागवाला, रागावू नका. हा प्रश्न तुम्हाला एकट्याला नाही.

---

गरम_गराडू | रविवार, दुपारी १२:१०

तिखटमीठ यांच्याशी शंभर टक्के सहमत.
बाकी धागा सुंदर. वाचनखूण साठवली आहे. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

रामबागवाला | रविवार, संध्याकाळी ६:३०

रागावलो नाही. आई शेजारीच बसली होती, तिला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली ते जसंच्या तसं: "लिही त्यांना, रोजच्या चौदा पोळ्या जादा लागायच्या. आणि त्याबद्दल मला कुणी सी.के. की मुश्ताक म्हटलं नाही."

त्यामुळे बाबांची बाजू मांडताना हे लक्षात ठेवून मांडतो. स्वयंपाक ते वर्षातून एकदाच करायचे, पावसाळा संपता संपता, पातालपाण्याला. छोट्या लाइनच्या गाडीने जायचं, पोरं, पिशव्या, गोवऱ्यांचं पोतं. (ती लाइन आता तशी राहिली नाही. २०१८च्या डिसेंबरात पातालपाणी-कालाकुंड हेरिटेज गाडी सुरू झाली, तिला काचेच्या मोठ्या खिडक्या आहेत आणि गोवऱ्यांचं पोतं घेऊन चढू देतील असं वाटत नाही.) धबधब्यापासून लांब, वाऱ्याच्या आडोशाला बाबा जाड्या कणकेचे गोळे करायचे, आधी मोठ्या तपेलीत उकळत्या पाण्यात सोडायचे. गोळा तळाशी जातो, मग शिजला की वर येतो. कुणाचा बाफला आधी वर येतो यावर पोरांची पैज. मग काढून, सुकवून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात. राख झटकून, हाताने फोडून तुपात बुडवलेला बाफला आणि तिखट डाळ. बाबांच्या बोटांना सतत टाइम ऑफिसची निळी शाई असायची, त्या बोटांना राख लागली की एक विचित्र हिरवट रंग यायचा. तो रंग मला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त स्पष्ट आठवतो.

एक दिवस स्वयंपाक केला म्हणून तीनशे चौसष्ट दिवसांची फिटंफाट होत नाही, तेही खरं.

नोव्हेंबर १९८४चं सांगतो. दंगल झाली, राजवाड्याचा मागचा भाग जळाला, कर्फ्यू लागला. आमचा सी.के. शीख. त्याच्या घरच्यांना गल्लीने वाटून घेतलं होतं, आई-वडील एका घरी, आजी दुसऱ्या घरी, सी.के. आमच्याकडे. चार दिवस आतल्या खोलीत. आम्ही दोघं दहा वर्षांचे, आम्हाला मजाच वाटत होती, शाळा नाही. पण रोज सकाळी त्याचे केस त्याची आई विंचरून जुडा बांधायची. पहिल्या दिवशी माझ्या आईने बांधला तर तो मानेवर अंबाड्यासारखा आला. त्याने आरशात बघितलं आणि रडायला लागला. तोपर्यंत रडला नव्हता. मग बाबा खाली बसले, त्याला पुढ्यात घेतलं, खोबरेल लावलं आणि त्यालाच विचारत गेले, "अजून वर? अजून घट्ट? इथे गाठ?" तीनदा सोडला, चौथ्यांदा जमला. पुढचे तीन दिवस रोज सकाळी हे. आम्हाला काही समजावलं वगैरे नाही. कर्फ्यू उठल्यावर सी.के. घरी गेला तेव्हा त्याच्या आईने जुड्याला हात लावून बघितला आणि तसाच राहू दिला.

आता बाबांची तक्रारही लिहितो, नाहीतर फोटोला हार घातल्यासारखं होईल. मी अकरावीत असताना त्यांची गिरणी बंद पडली. पैसे मिळायला पुढे किती वर्षं गेली तो विषय इथे नको. बाबा सियागंजात एका किराणा पेढीवर हिशेब लिहायला लागले. त्याच वर्षी सरवट्याला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला, कॉलेज लांब, त्याच्या घरी आमच्याहून वाईट स्थिती. एका संध्याकाळी मी घरी आलो तर माझी सायकल नाही. दहावीत चांगले मार्क मिळाले म्हणून घेतलेली, लाल रंगाची. बाबांनी सरवट्याला देऊन टाकली होती. मला विचारलं नाही. म्हणाले, "तू माझी घे." त्यांची काळी, बोजड, दांडीवर गिरणीचा नंबर रंगवलेली सायकल. मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. ते सियागंजात पायी जायला लागले आणि मी ती काळी सायकल शाळेच्या दोन गल्ल्या अलीकडे लावून चालत जायचो, लाजेने. म्हणजे एका सायकलीपायी दोघेही चालत होतो.

सरवटे आज कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्तीला आलाय, तेराव्याला सगळी वाढपं त्याने केली. तरी मी आजही म्हणतो, विचारायला हवं होतं. मी कदाचित हो म्हटलं असतं. ती संधी त्यांनी मला दिली नाही.

---

अबोली_के | रविवार, रात्री ८:५५

मला जरा वेगळं वाटतंय, लिहू की नको असं करत लिहितेय. सायकलीचं आणि पोस्टकार्डांचं मला एकच वाटतं. तुमचं हजारेशी भांडण झालं, तो तुमचा निर्णय होता. अकरा वर्षं तुमच्या पाठीमागे त्यांनी पत्रव्यवहार चालू ठेवला, तुमच्या तब्येतीची बातमी दिली. हेतू चांगला, पण मैत्री तुमची होती ना? माझ्या आईने माझ्या एका जुन्या मैत्रिणीशी असाच संबंध चालू ठेवला होता आणि मला कळलं तेव्हा मी खूप दुखावले होते. त्या मैत्रिणीशी तोडण्याचं कारण मी आईला कधीच सांगू शकले नव्हते.

तुमच्या बाबतीत अडतीस हजारच होते, म्हणून गोड वाटतं. सगळ्यांचं तसं नसतं.

---

रामबागवाला | रविवार, रात्री ९:४०

अबोलीताई, दिवसभर हेच डोक्यात आहे. पहिल्या रात्री कार्डं वाचताना मलाही आधी रागच आला होता, ते वर लिहायचं टाळलं. मग एक गोष्ट लक्षात आली. ६१ कार्डांत एकदाही "समजूत घाल" किंवा "त्याला समजावा" असं नाही. बाबांनी तसं काही लिहिलं असतं तर हजारेच्या उत्तरात दिसलं असतं. म्हणजे ते आमच्यात मध्यस्थी करत नव्हते. त्यांची त्याच्याशी स्वतःची दोस्ती होती, १९८६ पासूनची, माझ्या नववीतल्या कंटाळ्यानंतर ती त्यांचीच झाली होती. माझं भांडण झालं म्हणून त्यांनी त्यांचा मित्र का सोडावा?

तुमचं कारण वेगळं होतं आणि तिथे तुमच्या आईने थांबायला हवं होतं, हे पटतं.

---

टपालवेडा | रविवार, रात्री १०:२०

पोस्टकार्डांचा विषय निघाल्यावर मला राहवत नाही. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ला आलं, किंमत पाव आणा. आज पन्नास पैसे. पन्नास पैशांची नाणी कुणी घेत नाही, त्यामुळे दोन कार्डं घ्यावी लागतात, हा माझ्या मते टपालखात्याने मैत्रीसाठी केलेला सर्वांत मोठा उपकार आहे.

मुद्द्याचं: निधनाची बातमी कार्डावर कळवायची तर जुन्या रीतीने कोपरा फाडायचा. तुमच्या माळव्यातही हीच रीत असणार. कोपरा फाटलेलं कार्ड घरात ठेवत नाहीत, वाचून फाडून टाकतात. आता तुमचा हजारे जर कार्डं जपणारा असेल, आणि तुमच्या बाबांची सगळी त्याच्याकडे असणारच, तर त्याच्यापुढे पेच उभा कराल. माझं मत, कोपरा फाडू नका.

---

सुरसागरकाठी | रविवार, रात्री १०:३१

माझं मत उलट. कोपरा फाडाच. कार्ड हातात घेतल्याबरोबर, वाचायच्या आधी त्याला कळेल. ओळी वाचत वाचत कळण्यापेक्षा ते बरं. रीत त्यासाठीच असते.

आणि फोन करायचा नाही का? एकविसाव्या शतकात आहोत आपण सगळे!

---

पावणेपाच | रविवार, रात्री १०:४४

फोन नको. फोनवरच भांडले होते ते.

---

रामबागवाला | मंगळवार, रात्री ९:१५

काल पोस्टात गेलो. दोन कार्डं घेतली, एक रुपया. घरी येऊन लिहायला बसलो आणि पहिलं खराब केलं. सगळं लिहायला गेलो, शेव, पावसाळा, चूक कुणाची, माफी. बारीक अक्षरात चार ओळीही मावल्या नाहीत आणि बाबा एवढ्याशा जागेत चाळीस वर्षं कसे मावले कुणास ठाऊक. दुसऱ्यावर लिहिलं:

"हजारे, बाबा गेले. झांक्यांच्या पहाटे. त्रास झाला नाही. तुला कळवायचं राहिलं, ती चूक माझी. तुझी कार्डं मिठाईच्या खोक्यात आहेत. मीठ कमी केलंय. होळकर ४."

कोपऱ्याचं आईला विचारलं. तिने कार्ड माझ्या हातातून घेतलं, डाव्या बाजूचा खालचा कोपरा नखाएवढा फाडला, एकदम सरळ, दुमडून रेघ पाडून. फाटलेला तुकडा टाकला नाही, पदराच्या गाठीत बांधला. मग म्हणाली, "पिनकोड नीट लिही, ३९०ने सुरू होतो." मला वाटत होतं पत्ता मी कपाटातल्या कार्डावरून उतरवून घेतोय. तिला तोंडपाठ होता.

आज सकाळी पेटीत टाकलं.

---

लष्करवाली | मंगळवार, रात्री ९:५०

वाचलं. माझी ती चौथी मैत्रीण, तिचा नंबर मिळवला आहे आज. संक्रांतीपर्यंत थांबणार नाही.

---

तिखटमीठ | मंगळवार, रात्री १०:०५

आईंना नमस्कार सांगा.

---

गरम_गराडू | पुढचा सोमवार, सकाळी ८:३०

काही आलं का हो? रोज धागा उघडून बघतोय.

---

रामबागवाला | गुरुवार, दुपारी ३:२०

आलं, आज. पोस्टमनने नेहमीसारखी हाक नाही मारली, आत येऊन ओटल्यावर बसला आणि म्हणाला, "भिया, ये बारावा गडी कौन है? घर तो यही लिखा है."

पत्त्याच्या जागी आधी बाबांचं नाव लिहिलेलं आहे. सवयीने गेलं असणार हाताने. त्यावर एक आडवी रेघ, आणि खाली "चि. बारावा गडी यास".

मजकूर असा:

"कार्ड मिळालं. कोपरा बघून बाहेरच बसलो. तुझं कार्ड फाडलेलं नाही, रीत मोडली, काका रागावणार नाहीत. त्यांची सगळी आहेत, मोजलेली नाहीत. गराडू सुरू झाले का? अवंतिकेचं तिकीट काढलंय, शनिवारी रात्री बसतो. काकूंना आम्ही पोरं विकेटकीपर म्हणायचो, त्यांना माहीत आहे का? तू होतास त्यात. ५७७. - मुश्ताक"

(गराडू म्हणजे आमच्याकडे हिवाळ्यात तळून खातात तो कंद.) शेवेबद्दल काही नाही. आणि सही बघा, चाळीस वर्षांनी त्याने मुश्ताक म्हणून केलीय.

विकेटकीपरचं मला आठवत होतं, आईला सांगायची हिंमत नव्हती. तिच्यापुढे कार्ड धरलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं.

"विकेटकीपर म्हणजे मागे उभा असतो तोच ना?" तिने विचारलं.

"हो."

"उभा नसतो," आई म्हणाली, "ओणवा असतो. दिवसभर."

आणि आत जाऊन गराडूला किती तेल लागेल ते बघायला लागली.